आईचं इटालियन

आईला इटालियन येत होतं. एकूण त्र्याऐंशी शब्द,
सगळे स्वरलिपीतले.
विल्यांदीच्या संगीतशाळेत एकेचाळीस वर्षं
तिने ते पोरांकडून घोटून घेतले
एका राखाडी पुठ्ठ्याच्या वहीतून,
तेव्हा, जेव्हा एस्टोनियातून इटलीला जाण्यापेक्षा
चंद्रावर जाणं सोपं वाटायचं.
शब्दांना मात्र पासपोर्ट लागला नाही.
ते आले, आणि आमच्या थंडीत
पियानोच्या झाकणावर अंग चोरून बसून राहिले.

सत्तराव्या वर्षी ती पहिल्यांदा माझ्याकडे जेनोवाला आली
आणि बसथांब्याच्या खांबापाशी खिळलीच.
खांबावर लिहिलं होतं : फेर्माता.
"मारेत, हे इथे कुणी लिहिलं?"
तिच्या वहीत फेर्माता म्हणजे टिंबावरची भुवई.
सूर धरून ठेव. किती वेळ?
सोडवेनासा होईल तोवर,
आणि मग एक श्वास आणखी.
इथे फेर्माता म्हणजे अठरा नंबर.
आम्ही हात केला नाही, बस सरळ निघून गेली.
"पोरांचंही हेच व्हायचं," आई म्हणाली,
"भुवई दिसायचीच नाही."

पोस्टात कोदा होती, म्हणजे शेपटी, म्हणजे रांग.
आमच्या इमारतीला पाच पियानो, म्हणजे मजले.
"आणि एकही सुरात नाही," जिना चढताना ती धापा टाकत म्हणाली.

शेजारच्या ओर्नेल्लाकडे ती रोज दुपारी जाऊ लागली.
साखर? पोको.
कॉफी? आंकोरा, मा नोन त्रोप्पो.
मला वाटलं, एवढ्यावर किती दिवस निभणार?
एकदा ओर्नेल्लाने भिंतीवरच्या नवऱ्याकडे बोट केलं.
आईने हळूच विचारलं, "मोरेंदो?"
सिंकपाशी माझ्या हातातला पेला तसाच राहिला.
वहीत त्याचा अर्थ विरत विरत जाणं.
रस्त्यावर त्याचा अर्थ मरत मरत.
ओर्नेल्लाने विचार केला, मान हलवली.
"नो. सुबितो."
एकदम.
मग दोघी बसल्या. किती मात्रा, ते मी मोजलं नाही.

आणि मंगळवारच्या बाजारात आईची पर्स गेली.
चौकीतल्या पोऱ्याने फॉर्मवर टपोऱ्या अक्षरात लिहिलं :
रुबातो.
आई चष्मा पुसून वाचत राहिली.
"मी सांगायचे, रुबातो म्हणजे उसना वेळ.
इथे लांबवलास तर पुढे फेड.
उजवा हात उधळ्या चालेल,
डाव्याने हिशेब ठेवायचा.
याला विचार, हे लोक परत कधी देतात."
मी विचारलं. जीभ अडखळली, पण विचारलं.
तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण.
"सिन्योरा, रुबातो परत येत नाही."

घराकडच्या पायऱ्यांवर ती मध्येच बसली.
"एकोणपन्नासच्या मार्चमध्ये बाबांना नेलं. मी पाच वर्षांची.
सात वर्षांनी आणून सोडलं.
सगळे म्हणाले, मिळाला ना परत!
ते ताट पुढ्यात धरून जेवायचे, हाताचं कुंपण करून.
मला ओळखायला त्यांना आठवडा लागला."
खाली बंदरात कुठलंसं जहाज भोंगा वाजवत होतं.
"आणि मी जन्मभर पोरांच्या बोटांवर पट्टी आपटत म्हणत राहिले,
फेड, फेड, फेड."

रात्री तिने वही उघडली.
रुबातोपुढचं 'उसना' खोडणार असं वाटलं,
पेन्सिल तिथवर गेलीही.
मग शेजारी बारीक अक्षरात लिहिलं : 'चोरलेला'.
दोन्ही राहू दिले.

सकाळी आम्ही पुन्हा त्या खांबाशी.
रस्ता मोकळा, बसचा पत्ता नाही,
आणि आईने हात वर केला,
ताल देताना करायची तसा नव्हे,
उत्तर येत असलेल्या पोरासारखा.
मी म्हटलं, "अगं, अजून वेळ आहे."
तिने हात खाली घेतला नाही.